उद्यमनगरात गिअर लिव्हर: लेथला पैकीच्या पैकी, वेल्डिंगला अटी लागू

उसाच्या सरीत चालणाऱ्या जुन्या मिनी ट्रॅक्टरचा गिअर लिव्हर मोडला की कोल्हापूर भागात तीन दारं ठोठावली जातात. एक कंपनीच्या डीलरचं, दुसरं लोकल पार्ट ठेवणाऱ्या स्पेअरच्या दुकानाचं आणि तिसरं शिवाजी उद्यमनगरातल्या लेथ-वेल्डिंगच्या शॉपचं. हा रिव्ह्यू मुख्यतः तिसऱ्या दाराचा. एखाद्या शॉपचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. बागल चौकाकडून आत शिरलात की गल्लोगल्ली अशी शॉप आहेत, आणि काम कसं होणार ते पाटीवर ठरत नाही. मशीनवर कोण उभा आहे आणि तुम्ही जॉब कसा सांगता, यावर ठरतं.

निकाल आधीच सांगून टाकू. लेथकामाला पाचपैकी पाच द्यायला हरकत नाही. वेल्डिंगला, काही न सांगता जॉब टाकून चहाला गेलात तर दोन. नीट सांगून, समोर उभं राहून करून घेतलंत तर चार. आणि सगळ्यात चांगला सौदा नव्या लिव्हरचाही नाही, निव्वळ वेल्डिंगचाही नाही. गोळा आणि जीभ असलेला खालचा भाग लेथवर नवा करायचा आणि वरचा वाकडा दांडा जुनाच ठेवायचा. बहुतेक ग्राहक हे मागतच नाहीत, म्हणून मेस्त्रीही सुचवत नाहीत.

आधी कुठं मोडलाय ते बघा

या वर्गातले ट्रॅक्टर बहुतेक स्लायडिंग मेश गिअरबॉक्सचे. व्हीएसटी शक्ती एमटी १८० डी असो (६ पुढचे, २ मागचे) किंवा महिंद्रा युवराज २१५ (६ पुढचे, ३ मागचे), गिअर टाकताना आतलं दातेरी चाकच सरकून दुसऱ्यात घुसतं. दाते समोरासमोर आले की ते अडतं आणि सगळा झटका लिव्हरवर येतो. कारमध्ये दोन चाकांचा वेग जुळवून देणारी सिंक्रोची मदत असते, ती तिथं नाही. म्हणून लिव्हर मोडणं हे या ट्रॅक्टरांचं नेहमीचं दुखणं.

लिव्हरची रचना साधी आहे. वर मूठ, मध्ये दांडा, दांड्याखाली गोळा, गोळ्याखाली चपटी जीभ. गोळा गिअरबॉक्सवरच्या कव्हरच्या कपात, म्हणजे वाटीसारख्या खोलगट जागेत बसतो, वरून स्प्रिंग आणि टोपी त्याला दाबून धरतात, आणि गोळ्यातली आडवी पिन लिव्हरला स्वतःभोवती फिरू देत नाही. जीभ खाली गिअरबॉक्समधल्या सरकत्या दांड्याच्या, म्हणजे रेलच्या खाचेत शिरते. जीभच रेलला पुढे-मागे सरकवते आणि रेलवरचा फोर्क गिअर ढकलतो.

दांडा गोळ्याच्या वर चार बोटं किंवा त्याहून उंचावर मोडला असेल तर वेल्डिंग चालतं. गोळ्याच्या मानेत किंवा पिनच्या भोकातून मोडला असेल तर वेल्डिंगचा विचारही नको. ताण सगळ्यात जास्त तिथंच असतो, शिवाय वेल्डच्या माळेची जाडी कपात मावत नाही आणि उष्णतेनं गोळा वाकडा होतो. जीभ नुसती झिजून गोल झाली असेल तर वेल्डनं भरून, घासून आकार देता येतो. पण जीभ तुटली असेल तर तुकडा गिअरबॉक्समध्ये पडलाय हे धरूनच चाला. तो बाहेर येईपर्यंत ट्रॅक्टर एक फूटही ढकलायचा नाही. दोन गिअरच्या दातांत सापडला तर लिव्हरची दुरुस्ती गिअरबॉक्सची होते.

तुटलेलं तोंड उन्हात धरून बघा. एका बाजूला काळसर, गुळगुळीत, तेल-गंज मुरलेला पट्टा आणि उरलेला भाग चांदीसारखा दाणेदार दिसला, तर तडा जुना होता. रोज थोडा थोडा वाढत शेवटी बोटाच्या जोरानं तुटला, त्या दिवशीच्या ड्रायव्हरचा दोष नाही. काळ्या पट्ट्याची सुरुवात कुठून झाली ते शोधा. बहुतेक वेळा तिथं पिनचं भोक, ग्राइंडरचा आडवा ओरखडा किंवा जुन्या वेल्डिंगची कड सापडते. सगळं तोंड ताजं आणि दांडाही वाकलेला असेल तर कुणीतरी जोर केलाय. ट्रॅक्टरवर चढताना लिव्हर धरून अंग वर ओढायची सवय हे त्याचं फार जुनं कारण आहे.

काढणं, आणि पिशवीत काय न्यायचं

ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद, ब्रेक लावलेला, चाकांना दगड, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. कव्हरभोवतीचा चिखल डिझेल आणि ब्रशनं धुऊन, फडक्यानं कोरडा करा. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. आत पडलेली चिमूटभर वाळू गिअर ऑइलमध्ये पॉलिश पेपरसारखी फिरत राहते.

रबरी बूट वर ओढा. काही मॉडेलमध्ये टोपी दाबून फिरवली की लिव्हर मोकळा होतो, काहींत सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग) असते, काहींत कव्हरच उचलावं लागतं. कव्हरचे बोल्ट बहुधा ८ मिलिमीटरचे, १३ च्या पान्याचे. कुठला बोल्ट कुठल्या भोकातला हे पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्यात टोचून ठेवा, कारण त्यांच्या लांब्या वेगळ्या असू शकतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो, कव्हर आवळलं जात नाही आणि आटे जातात. कव्हरच्या सांध्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. लाकडी हातोडीनं बाजूनं ठोका आणि सरळ वर उचला. काही गिअरबॉक्समध्ये रेलला जागेवर धरणाऱ्या लॉक गोळ्या आणि त्यांच्या स्प्रिंगा कव्हरखालीच असतात आणि तिरकं उचललं की उडतात. उघड्या तोंडावर लगेच स्वच्छ फडकं टाका.

तुकडा आत पडला असेल तर दोरीला बांधलेलं लोहचुंबक सोडून बघा. नाही लागला तर तेल काढून ड्रेनच्या भोकातून. सापडलेले तुकडे मोडक्या लिव्हरला जुळवून बघा. कोडं पूर्ण जुळलं नाही तर शोध संपलेला नाही.

उद्यमनगरला जाताना ट्रॅक्टर न्यायचं काहीच कारण नाही, सगळं एका पिशवीत मावतं. लिव्हरचे दोन्ही तुकडे, कव्हर, स्प्रिंग, टोपी, पिन, आणि मोडके तुकडे जुळवून पुठ्ठ्यावर काढलेला लिव्हरचा बाह्याकार. त्या पुठ्ठ्यावर गोळ्याच्या मध्यापासून मुठीपर्यंतचं आणि जिभेच्या टोकापर्यंतचं अंतर लिहा, लिव्हरची पुढची बाजू कुठली ते लिहा, आणि व्हर्नियरनं मोजलेली रेलच्या खाचेची रुंदी लिहा. कव्हर घरी ठेवून नुसता लिव्हर नेला की दुसरी चक्कर ठरलेली. कप बघितल्याशिवाय गोळ्याचं माप कुणी शहाणा टर्नर (लेथ चालवणारा) घेणार नाही.

गावातला वेल्डर शेडमध्ये येऊन लिव्हर न काढताच माळ घालून देतो म्हणाला तर नको म्हणा. अर्थिंगचा चिमटा चॅसीला लावला की करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो आणि त्यांच्यावर बारीक खड्डे पडतात. ठिणगी खाली तेलाकडं जाते ती वेगळीच.

वेल्डिंग: इथंच गुण जातात

उद्यमनगरातल्या वेल्डरचा हात चांगला असतो, यात वाद नाही. वेल्ड भरायची कामं रोजची, माळ देखणी पडते. अडचण अशी, की गिअर लिव्हर त्याच्या लेखी फाटकाच्या गजासारखंच किरकोळ काम. दोन तुकडे टोकाला टोक लावायचे, भोवती एक माळ फिरवायची, ग्राइंडर मारून चकाचक करायचं. शंका काढली तर "काय हुत न्हाई ओ, घालतो की मजबूत" हे उत्तर तयार. सोळा-अठरा मिलिमीटरच्या गजात अशी माळ दोन-तीन मिलिमीटर आत जाते. मधला गाभा तसाच सुटा राहतो, आणि उसाला माती लावायच्या पहिल्या भरणीतच लिव्हर त्याच वर्तुळावर पुन्हा हातात येतो.

तेव्हा शब्द नेमके वापरा: "मेस्त्री, दोन्ही टोकं पेन्सिल करा, मग टाका लावा." म्हणजे दोन्ही टोकं ग्राइंडरवर निमुळती करायची, मध्ये दोन-अडीच मिलिमीटरची फट ठेवायची, टाक्यांनी म्हणजे छोट्या वेल्डनं तुकडे जागेवर धरायचे आणि गाभ्यापासून थर देत बाहेर यायचं. साधारण ४० मिलिमीटरचा अँगल उपडा न ठेवता व्हीसारखा ठेवा आणि त्यात दोन्ही तुकडे क्लॅम्पनं आवळा. सरळ रेषेसाठी याहून स्वस्त फिक्श्चर नाही. समोरासमोर दोन टाके लावा, पुठ्ठ्यावर ठेवून आकार तपासा, आणि मगच माळ. थर आलटून-पालटून विरुद्ध बाजूंना द्या, एकाच बाजूनं भरत गेलं की दांडा त्या बाजूला ओढला जातो.

रॉडचा प्रश्न महत्त्वाचा. लिव्हर बहुधा मध्यम कार्बनच्या स्टीलचा असतो, ईएन ८ च्या जातीचा. त्याला रोजचा ६०१३ रॉड चिकटतो, पण थंड होताना माळेच्या कडेला केसासारखा तडा जायची भीती राहते. इथं लो हायड्रोजन रॉड हवा, ७०१८, ३.१५ मिलिमीटर, ११० ते १३० अँपिअरच्या आसपास, डीसी मशीनवर रॉड पॉझिटिव्हला. हा रॉड हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर उघड्या पुडक्यातला रॉड कोरडा नसतोच. ३०० अंशांच्या आसपास तासभर भट्टीत तापवायची सोय शॉपमध्ये नसेल तर नवं सीलबंद पुडकं समोर फोडायला सांगा. त्याचे जास्तीचे पैसे द्या, कुरकुर करू नका.

वेल्डिंगआधी सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच गॅसनं १५० ते २०० अंशांपर्यंत तापवायचं. टेंपरेचर चॉक असला तर उत्तम, नसला तर पाण्याचा थेंब टाकून बघा: पसरून चुरचुरला तर अजून थंड आहे, गोळी होऊन पळाला तर दोनशेच्या घरात आहे, गॅस बाजूला घ्या. वेल्डिंग झालं की पाण्याच्या डब्यात अजिबात नाही. तो चुर्रर्र आवाज ऐकायला बरा वाटतो, पण माळेशेजारचं स्टील त्यानं काचेसारखं ठिसूळ होतं. कोरड्या चुन्यात किंवा कोरड्या राखेत गाडून हाताला सोसेल इतकं निवेपर्यंत ठेवा. गुऱ्हाळाची चाळलेली राख यासाठी झकास, आणि ती कोल्हापूरकरांना विकत घ्यावी लागत नाही.

ग्राइंडिंग दांड्याच्या लांबीच्या दिशेनं. आडवे ओरखडे म्हणजे पुढच्या तड्याची आखून दिलेली रेघ. शेवटी रॉकेलची चाचणी: सांध्याला रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा, खडूची पूड फासा. तडा असेल तर खडूत ओली काळपट रेघ उमटते. फाउंड्रीच्या गावात तडा दाखवणाऱ्या रंगाचे, डाय पेनिट्रंटचे डबेही सहज मिळतात, पण या कामाला खडू पुरतो.

दोन जुगाडांबद्दल सावध करायला हवं. एक, मोडक्या बुंध्यावर जीआय पाइप चढवून वेल्ड करणं. जस्ताचा पांढरा धूर छातीला वाईट, आणि माळेत बारीक भोकं राहतात ती वेगळीच. पाइपच चढवायचा तर काळा घ्या, आतून लेथवर बसता करून घ्या, आणि त्याची टोकं तिरकी कापा, म्हणजे माळ एकाच वर्तुळावर येत नाही. दुसरा, "आता मोडलाच आहे तर थोडा लांब करू, हलका लागेल". मूळ लिव्हर गोळ्यापासून वर ४०० आणि खाली ८० मिलिमीटर असला तर मुठीवरचे १० किलो जिभेवर ५० होतात. वरचा भाग ५०० केला की तेच साडेबासष्ट. हात हलका होतो, फोर्क आणि रेल भरडून निघतात. शिवाय मुठीचा फेरा वाढतो, आणि गिअर पूर्ण बसायच्या आत लिव्हर सीटला किंवा मडगार्डला अडतो.

लेथ: इथं उद्यमनगर जिंकतं

ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर पोसलेली ही वस्ती आहे. बार विकणारा, टर्नर, शेपर, मिलिंग आणि गॅसवाला चालत जायच्या अंतरात सापडतात. गोळा-जीभ असलेला खालचा भाग ईएन ८ च्या गजातून नवा करायला सांगा आणि गोळ्याच्या वर सहा इंच दांडा राखायला सांगा. तिथं तो जुन्या वाकड्या दांड्याला वर सांगितल्याप्रमाणे वेल्ड होईल. वेल्ड इतका वर न्यायचं कारण साधं आहे. मुठीला ढकललं की सगळ्यात जास्त वाकवणारा जोर गोळ्याच्या मानेत येतो आणि मुठीकडं जावं तसा कमी होतो. ४०० च्या दांड्यात १५० वर सांधा केला तर त्याच्या वाट्याला मानेच्या तुलनेत जेमतेम बासष्ट टक्के येतो. मानेत अखंड स्टील, सांधा वर, आणि दांड्याची दोन वळणं पुन्हा घडवायची कटकटही वाचते. अख्खा नवा लिव्हर करायचा तर ती वळणं गॅसवर लाल करून पुठ्ठ्याप्रमाणे घ्यावी लागतात, आणि दहा मिलिमीटरची चूक झाली तरी एखादा गिअर अर्धाच बसतो.

गोळ्याचं माप जुन्या गोळ्यावर तीन-चार दिशांनी घ्यावं लागतं. लिव्हर पुढे-मागे जास्त चालतो, म्हणून गोळा त्या बाजूंना चपटा होतो. सगळ्यात मोठं माप खऱ्या मापाच्या जवळचं. चांगला टर्नर हे न सांगता करतो, आणि कपातही बोट फिरवून बघतो. कप अंडाकृती झाला असेल तर नवा गोळाही डुगडुगणारच. मग कव्हर फोर जॉमध्ये (लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये) धरून, मापाचं डायल लावून कप मोठा करायचा आणि त्यात रिंग ठोकायची. या कामात सगळं लेथवर कव्हर कसं धरतात यावर अवलंबून असतं. घाईत असलेल्या शॉपला ते देऊ नका.

बसतंय का ते बघायची जुनी पद्धत अजून सगळ्यात बरी. शेंदूर तेलात कालवून गोळ्याला पातळ हात द्यायचा, कपात बसवून लिव्हर चारी बाजूंना हलवायचा आणि काढून कप बघायचा. लाल रंग कपाभोवती सलग पट्ट्यासारखा उमटला तर पैसे वसूल. दोन-तीन ठिपकेच आले तर गोळा अजून पॉलिश पेपरवर फिरवायला लागतो. गोळा आणि दांडा जिथं मिळतात तिथं धारदार कोपरा नको, तीन-चार मिलिमीटरची गोलाई हवी. हे मात्र सांगावं लागतं, कारण सरळ टूलनं कोपरा काढणं टर्नरला सोपं पडतं.

जीभ रेलच्या खाचेत सहज पण मोकळी न वाजता बसावी. दोन्ही बाजूंची मिळून फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत. टोकाचा अर्धा इंच लालबुंद करून तेलात बुडवायचा, मग घासून चमकवून पुन्हा हलकं तापवायचं. चकाकीवर गवती पिवळा रंग आला की थांबायचं. एवढी कठिणता पुरते. काही मेस्त्री अभिमानानं "फाइल लागत नाही असं केलंय" म्हणतात, म्हणजे कानस चालणार नाही इतकं कठीण, ते इथं दोषाचं आहे. अतिकठीण जीभ रेलची खाच खाते, आणि रेल बदलायला गिअरबॉक्स उघडावा लागतो. झिजायचंच तर जिभेनं झिजावं, ती चार बोल्टांवर बाहेर येते.

पिनच्या जागी कापलेला खिळा बसवून दिला तर परत करा. मूळ डॉवेल पिन किंवा त्याच मापाची कठीण पिनच हवी. खिळा वाकला की लिव्हर फिरतो, जीभ दोन खाचांच्या मध्ये अडकते आणि दोन गिअर एकदम लागतात.

बिलाचं बोलणं जॉब देतानाच करा. टर्निंग, शेपरचं काम, वेल्डिंग आणि मटेरियल वेगवेगळं लागतं, आणि "एवढ्यात होईल" म्हणणारा त्यातलं कुठलं धरून बोलतोय ते विचारून घ्या. उसाच्या भरणीच्या दिवसांत गर्दी असते, तेव्हा सकाळी लवकर गाठलेलं बरं.

तयार पार्ट घ्यायचा तर

डीलरकडचा अस्सल लिव्हर मिळत असेल आणि थांबायची तयारी असेल तर प्रश्नच नाही, घ्या. फक्त मॉडेलच्या नावावर मागू नका. चॅसी नंबर सांगा. मेन गिअर, हाय-लो आणि पीटीओ (अवजारं फिरवणारा शाफ्ट) असे वेगवेगळे लिव्हर असतात आणि एकाच मॉडेलमध्ये मधल्या वर्षांत वळण बदललेलं असू शकतं. जुना तुकडा काउंटरवर शेजारी ठेवून बघा.

लोकल बनावटीचा घेताना व्हर्नियर खिशात ठेवा. गोळ्याच्या मानेवरचा काळा रंग नाण्यानं खरवडा. खाली वेल्डची रिंग दिसली तर गोळा वेगळा करून गजाला चिकटवलेला आहे, म्हणजे मोडायची जागाच वेल्डची. तो परत ठेवा, दुकानदार कितीही "चालतोय की सगळीकडं" म्हणाला तरी. एका गजातून उतरवलेला असेल आणि गोळा मापात असेल तर लोकलही वाईट नसतो. भंगारातला जुना लिव्हर स्वस्त पडतो, पण त्यावर खडू-रॉकेलची चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

कव्हरचा कान किंवा कपाची कड फुटली असेल तर लक्षात ठेवा, ते बीड (कास्ट आयर्न) आहे. त्याला साधा रॉड लावला की शेजारून नवा तडा जातो. निकेल रॉड, नाहीतर गॅसवर तापवून पितळ भरणं, आणि दोन्हीत हळू थंड करणं. फाउंड्रीवाल्या गावात हे जाणणारे हात आहेत, पण विचारून शोधा.

परत बसवताना

आत बघा. सगळ्या रेल न्यूट्रलमध्ये आहेत का, म्हणजे त्यांच्या खाचा एका ओळीत आहेत का? एक जरी पुढे असली तरी स्क्रू ड्रायव्हरनं हळूच मागे आणा, गोळीचा टक् असा आवाज येतो. खाचा ओळीत नसताना जीभ ठोकून बसवली की पहिल्याच गिअरला सगळं जाम.

जुनं पॅकिंग खरवडताना तुकडे आत जाऊ देऊ नका. नवं पॅकिंग अर्ध्या मिलिमीटरच्या कागदाचं. लिक्विड गॅस्केट लावायचं तर अगदी पातळ, कारण दाबून आत गेलेली शेपटी सुटते आणि हायड्रॉलिकच्या चाळणीत जाऊन बसते. बोल्ट समोरासमोर आवळत जा. ८ मिलिमीटरला २० ते २५ न्यूटन मीटर पुरतात, पाइप घालून आवळायची गरज नाही. आटे गेलेले असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून घ्या, हेही उद्यमनगरात होतं.

बूट फाटका असेल तर आत्ताच बदला. लिव्हरच्या कामात सगळ्यात स्वस्त पार्ट तोच, आणि पावसाचं पाणी त्याच वाटेनं कपात आणि तिथून गिअरबॉक्समध्ये उतरतं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलेलंच आहे. काढा, भरा. पण कुठलं भरायचं ते मॅन्युअलमध्ये बघून. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक एकाच तेलावर चालतात, तिथं बाजारातलं साधं गिअर ऑइल ओतलं तर ब्रेक किरकिरतात आणि लिफ्ट आळसते.

इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर दहा वेळा टाका-काढा. अडला तर ट्रॅक्टर थोडा पुढेमागे हलवा, दाते जुळले की जाईल. प्रत्येक गिअरला लिव्हर सीट, मडगार्ड आणि पत्र्यापासून निदान बोटभर लांब राहायला हवा. सेफ्टी स्विच असलेल्या ट्रॅक्टरवर न्यूट्रलशिवाय स्टार्टर फिरत नाही ना, तेही बघा. मग इंजिन चालू करून रिकामा चालवा. क्लच सोडताच इंजिन गपकन बंद पडलं तर दोन गिअर लागलेत. गिअर बसतो पण भारावर उडतो, ही तक्रार मात्र लिव्हरची नाही. लॉक गोळीची स्प्रिंग थकलेली असते किंवा गिअरचे दाते झिजलेले असतात, आणि त्यासाठी लिव्हरवाल्याशी भांडू नका.

आता एकच तपासणी, जी उद्यमनगरात कुणी करून देणार नाही कारण ट्रॅक्टर तिथं नसतो. क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. करकर वाजलं तर क्लच पूर्ण सुटत नाही, आणि जुना लिव्हर त्यानंच खाल्लाय. पेडलचा मोकळा फेरा मोजा. बहुतेकांना २० ते ३० मिलिमीटर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलचा. फेरा त्याहून जास्त असेल तर क्लचचा रॉड फिरवून तो फेरा कमी करून घ्या. आणि स्लायडिंग मेशला चालत्या ट्रॉलीवर गिअर बदलू नका, आधी ट्रॅक्टर पूर्ण थांबू द्या.

दहा तास काम झालं की कव्हरचे बोल्ट एकदा आवळून घ्या आणि सांध्यावर पुन्हा खडू फिरवा. मोडका गोळा भंगारात टाकू नका. पुठ्ठ्यासकट तेलाच्या कागदात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवा, पुढच्या वेळी टर्नर सगळ्यात आधी तोच मागेल.